पैसे खात्यातून गेले, तरी कॉलेजच्या पोर्टलवर ‘बाकी’ का दिसते?

समजा, बार्शीतल्या एका पालकांची मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फी भरायची शेवटची तारीख १४ जुलै. पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत रात्रीचे साडेअकरा वाजले. मोबाइलवर कॉलेजचं पोर्टल उघडलं, यूपीआय निवडलं, पिन टाकला. चक्र फिरत राहिलं आणि थोड्या वेळानं पान कोरं झालं. बँकेचा मेसेज मात्र लगेच आला की खात्यातून ४८,५०० रुपये वजा झाले. पोर्टलवर पुन्हा पाहिलं तर ‘बाकी : ४८,५०० रुपये’. बारा वाजायला दहा मिनिटं उरली आहेत आणि उद्यापासून विलंब शुल्क लागणार आहे. आता पुन्हा भरायचे की थांबायचं?

उदाहरण काल्पनिक असलं तरी प्रवेशाच्या हंगामात असा अनुभव नवा नाही. बहुतेक पालक अशा वेळी घाबरून दुसऱ्यांदा पैसे भरतात. मग ९७ हजार अडकून बसतात आणि बँक म्हणते कॉलेजला विचारा, कॉलेज म्हणतं बँकेला विचारा.

फी आता जवळपास सगळीकडे ऑनलाइनच घेतली जाते. शैक्षणिक संस्थांना यूपीआयनं पैसे भरण्याची मर्यादा रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर २०२३ मध्ये एका व्यवहाराला १ लाखावरून ५ लाख रुपये केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं राज्यांना पत्र लिहून शाळांची फीही यूपीआयसारख्या मार्गांनी घ्यावी असं सुचवलं. पैसे पाठवणं त्यामुळे सोपं झालं. पाठवलेले पैसे योग्य विद्यार्थ्याच्या नावावर, योग्य रकान्यात जमा होणं मात्र तितकं सोपं झालेलं नाही. सगळा घोळ या दुसऱ्या भागात आहे.

पोर्टलवर दिसणारा ‘बाकी’ हा एकच शब्द किमान तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. खरोखर न भरलेली फी, भरलेली पण विद्यार्थ्याच्या नावाशी न जुळलेली फी आणि विद्यार्थ्यानं नव्हे तर सरकारनं द्यायची असलेली फी. सॉफ्टवेअरला तिन्ही सारखेच दिसतात आणि तिन्हींची शिक्षा मात्र विद्यार्थ्यालाच होते.

पिन टाकल्यावर पैसे नेमके कुठे जातात?

पालकांच्या खात्यातून पैसे थेट कॉलेजच्या खात्यात जातात, असा समज असतो. बहुतेक पोर्टलवर तसं होत नाही. मध्ये पेमेंट अ‍ॅग्रीगेटर नावाची कंपनी असते. ती वेगवेगळ्या बँका, कार्ड, यूपीआय असे सगळे मार्ग एका खिडकीत आणून देते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार या कंपनीला लोकांचे पैसे स्वतःच्या पैशांत मिसळता येत नाहीत, ते बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवावे लागतात. तिथून ते साधारण एक-दोन दिवसांत कॉलेजच्या खात्यात जमा होतात.

म्हणजे एकाच फीची नोंद तीन वह्यांत होते. पहिली पालकांच्या बँकेची, दुसरी मधल्या कंपनीची आणि तिसरी कॉलेजच्या सॉफ्टवेअरमधली, विद्यार्थ्याच्या नावाची. पहिल्या वहीत पैसे वजा झाले म्हणून तिसऱ्या वहीत जमा झाले असं होत नाही. तिथे जमा व्हायला मधल्या कंपनीकडून कॉलेजच्या सर्व्हरला ‘या विद्यार्थ्याचे इतके पैसे आले’ असा निरोप जावा लागतो.

हा निरोप दोन वाटांनी जातो. चांगल्या पोर्टलमध्ये तो थेट एका सर्व्हरकडून दुसऱ्या सर्व्हरकडे जातो. पालकांचा मोबाइल बंद पडला तरी फरक पडत नाही. जुन्या किंवा घाईनं बनवलेल्या पोर्टलमध्ये तो पालकांच्या ब्राउझरमधून परत येतो. रेंज गेली, पान रिफ्रेश केलं किंवा यूपीआय ॲपमधून पोर्टलवर परत यायचं राहिलं, तर निरोप पोचतच नाही. पैसे आलेले असतात, फक्त कुणाचे ते तिसऱ्या वहीला कळलेलं नसतं.

यासाठीच दुसऱ्या दिवशी ताळमेळ घालायचा असतो. मधल्या कंपनीकडून आलेली यादी आणि कॉलेजची खातेवही समोरासमोर ठेवायची आणि सुटलेल्या नोंदी भरायच्या. मोठ्या संस्थांत हे आपोआप होतं. तालुक्याच्या ठिकाणच्या कॉलेजात हे काम एकच क्लार्क करतो, तेही प्रवेश, दाखले आणि शिष्यवृत्तीच्या फाइली सांभाळून. शेवटच्या तारखेला एकाच रात्रीत शेकडो जणांनी फी भरली की हा ताळमेळ आठवडाभर लांबतो.

मग पुन्हा भरायचे की थांबायचं?

शक्य असेल तर थांबावं. व्यवहार ‘पेंडिंग’ असताना दुसऱ्यांदा पैसे भरले आणि नंतर दोन्ही यशस्वी झाले, तर प्रकरण जास्त किचकट होतं.

रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं एक परिपत्रक इथे उपयोगी पडतं. खात्यातून पैसे गेले पण ज्याला द्यायचे त्या संस्थेकडे व्यवहाराची खात्री पोचली नाही, तर यूपीआय आणि ऑनलाइन कार्ड व्यवहारात ते पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत आले पाहिजेत. पाच दिवस कॅलेंडरचे मोजायचे, सुट्ट्या धरून. त्यानंतर होणाऱ्या उशिरासाठी ग्राहकाला रोज १०० रुपये भरपाई मिळते, आणि ती तक्रार न करताही बँकेनं जमा करायची असते. बार्शीच्या उदाहरणात १४ जुलैचे पैसे १९ जुलैपर्यंत परत यायला हवेत. २० तारखेपासून रोजचे १०० रुपये सुरू.

पण हा नियम फसलेल्या व्यवहाराचा आहे. दोन्ही वेळचे पैसे कॉलेजच्या खात्यात पोचले, तर बँकेच्या दृष्टीनं दोन्ही व्यवहार यशस्वी आहेत. तिथे शंभर रुपयांचा नियम लागत नाही आणि जादा रक्कम परत करायची जबाबदारी कॉलेजची होते. अनेक कॉलेजं अशी रक्कम परस्पर पुढच्या सत्राच्या फीत वळती करतात. काही घरांना ते सोयीचं असेलही. ज्यांनी दुसरा हप्ता उसने घेऊन भरला त्यांना मात्र पैसे हातात हवे असतात. त्यामुळे ‘परत द्या’ की ‘वळते करा’ हे लेखी कळवावं, तोंडी नको. परतावा शक्यतो ज्या मार्गानं पैसे आले त्याच मार्गानं जायला हवा. ‘दुसऱ्या खात्याचा नंबर द्या, त्यावर पाठवतो’ असं कुणी फोनवर म्हणालं तर जरा जपूनच.

राहिला विलंब शुल्काचा प्रश्न. रिझर्व्ह बँकेचे नियम बँकांना बांधतात, कॉलेजांना नाही. पैसे मुदतीत वजा झाले पण नोंद नंतर झाली, तर विलंब शुल्क माफ करायचं की नाही हे कॉलेज ठरवतं. मुदत संपण्याआधीच, त्याच रात्री, हिशेब विभागाच्या ईमेलवर व्यवहार क्रमांकासह एक ओळ पाठवून ठेवली तर दुसऱ्या दिवशीचं बोलणं बरंच सोपं होतं.

स्क्रीनशॉट दाखवूनही क्लार्क ऐकत का नाहीत?

कारण स्क्रीनशॉट हा पुरावा नाही. यशस्वी व्यवहाराचं हुबेहूब चित्र बनवून देणारी बनावट ॲप्स बाजारात आहेत आणि दुकानदारांप्रमाणे कॉलेजांनीही त्याचे चटके सोसलेत. शिवाय स्क्रीनशॉटवरच्या हिरव्या टिकमार्कवरून क्लार्कला काहीच शोधता येत नाही.

शोधता येतं ते क्रमांकावरून. यूपीआय आणि आयएमपीएसच्या व्यवहाराला बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो. एनईएफटी, आरटीजीएसला यूटीआर क्रमांक असतो. ‘एसबीआय कलेक्ट’वरून भरलेल्या फीच्या पावतीवर ‘डीयू’ या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो, आणि पावती हरवली तर त्याच संकेतस्थळावर जन्मतारीख, मोबाइल क्रमांक असा तपशील टाकून ती पुन्हा काढता येते. हा क्रमांक, तारीख, रक्कम आणि विद्यार्थ्याचा पीआरएन किंवा नोंदणी क्रमांक, इतकं एका कागदावर लिहून दिलं की शोध पाच मिनिटांचा असतो. एवढं नसेल तर क्लार्कलाही त्या दिवशी आलेल्या सारख्याच रकमांच्या रांगेतून अंदाज बांधावा लागतो. एका वर्गातल्या साठ मुलांची फी सारखीच असते, हे विसरून चालत नाही.

कॉलेजच्या बँक खात्यात थेट एनईएफटी करणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. पैसे काकांच्या खात्यातून आले, आडनाव वेगळं, शेऱ्यात काहीच नाही. बँकेत रक्कम जमा, पण कुणाची ते माहीत नाही. अशी रक्कम ‘अनोळखी जमा’ म्हणून पडून राहते. यावर उपाय म्हणून काही संस्था प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळा आभासी खाते क्रमांक देतात, त्यामुळे पैसे कुणीही पाठवले तरी नोंद त्याच विद्यार्थ्याच्या नावावर होते. ज्या कॉलेजांत ही सोय नाही तिथे थेट खात्यात पैसे टाकण्यापेक्षा पोर्टल बरं.

मोबाइल नुकताच बदलला असेल तर आणखी एक गोष्ट आडवी येते. नव्या फोनवर यूपीआय सुरू केल्यावर पहिले २४ तास ५ हजार रुपयांची मर्यादा असते. पाच लाखांची वरची मर्यादाही संस्थेची नोंद शैक्षणिक व्यापारी म्हणून असेल तरच लागू होते आणि काही बँका त्याहून कमी मर्यादा ठेवतात. शेवटच्या रात्री हे कळणं फार महागात पडतं.

फीवर लागणारं ‘सुविधा शुल्क’ कशाचं?

४८,५०० रुपये फी आणि भरताना दिसतात ४९,०७२ रुपये ३० पैसे. वरचे पैसे कुठून आले? समजा पोर्टलनं एक टक्का सुविधा शुल्क लावलं. त्याचे ४८५ रुपये. कॉलेजच्या फीवर जीएसटी नाही, पण ही सेवा म्हणजे शिक्षण नव्हे, त्यामुळे तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. त्याचे ८७ रुपये ३० पैसे.

हे टाळता येतं. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डाच्या व्यवहारांवर व्यापाऱ्याला बँकेला द्यावं लागणारं शुल्क शून्य आहे. इतर डेबिट कार्डांवर ते लागतं, पण ते ग्राहकाकडून वसूल होऊ नये, असं रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर २०१७ मध्येच बँकांना बजावलं आहे. क्रेडिट कार्डाला असं संरक्षण नाही. उलट कार्ड तिसऱ्याच ॲपवर वापरून फी भरली तर काही बँका स्वतःचं वेगळं शुल्कही लावतात, त्याच बँका कॉलेजच्या संकेतस्थळावर थेट भरल्यास ते लावत नाहीत. रिवॉर्ड पॉइंटच्या मोहात हा हिशेब राहून जातो.

काही पोर्टल ‘प्लॅटफॉर्म फी’ असं नाव देऊन यूपीआयवरही पैसे घेतात. नाव बदललं म्हणून प्रश्न बदलत नाही. हे पैसे कॉलेज घेतं की कंपनी, आणि ते पावतीवर वेगळे दिसतात का, हे विचारायचा हक्क पालकांना आहेच.

बिलात कोणते रकाने असतात?

एकूण आकडा पाहून फी भरली जाते, रकाने कुणी वाचत नाही. खरं तर वाद त्या रकान्यांत असतो. महाराष्ट्रात विनाअनुदानित खासगी व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी २०१५ च्या कायद्याखाली स्थापन झालेलं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. इंजिनिअरिंग, फार्मसी, मेडिकल, एमबीए, विधी असे अभ्यासक्रम त्यात येतात. मंजूर झालेली फी कॉलेजनिहाय प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते. त्यात मुख्यतः शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क असे दोन भाग असतात. पोर्टलवरचा आकडा आणि प्राधिकरणाचा आकडा जुळत नसेल, तर फरक कोणत्या रकान्याचा हे आधी पाहायचं. वसतिगृह, खाणावळ, बस, परत मिळणारी अनामत हे त्याच्या बाहेरचे खर्च असतात. अनामत भरल्याची पावती चार वर्षं जपून ठेवणारे विद्यार्थी कमीच. ती रक्कम कॉलेज सोडताना मागितली नाही तर सहसा कुणी आठवण करून देत नाही.

‘अर्धे ऑनलाइन, उरलेले रोख’ अशी मागणी झाली तर सावध व्हावं. राज्यात कॅपिटेशन फीला बंदी घालणारा कायदा १९८७ पासून आहे. ऑनलाइन व्यवहाराचा माग राहतो, म्हणूनच असे पैसे रोख मागितले जातात.

रकान्यांचा संबंध आयकराशीही आहे. जुन्या करप्रणालीत ८०सी खाली जी वजावट मिळते ती फक्त शिक्षण शुल्कावर, दोन मुलांपर्यंत आणि दीड लाखाच्या एकूण मर्यादेत. विकास शुल्क किंवा देणगी त्यात धरत नाहीत. बँकेच्या मेसेजवर हे भाग दिसत नाहीत, म्हणून कॉलेजची तपशीलवार पावती लागते.

सरकारनं द्यायची फी विद्यार्थ्याच्या नावावर ‘बाकी’ कशी?

सगळ्यात जास्त त्रास होतो तो इथे, आणि हा त्रास नेमका ज्यांना पैशांची चणचण आहे त्यांनाच होतो.

जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ करण्याचा निर्णय घेतला. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत हवं. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यात नाहीत. आधी ही सवलत पन्नास टक्के होती. वाढीव खर्चासाठी ९०६ कोटी रुपयांच्या तरतुदीला मंत्रिमंडळानं मान्यता दिली होती.

‘मुलींना मोफत शिक्षण’ अशी बातमी सगळ्यांच्या फोनवर पोचली. कॉलेजात गेल्यावर बिल दिसलं. कारण ‘माफ’ म्हणजे कॉलेजनं फी सोडून दिली असं नाही. ती सरकार भरणार आहे. समजा एका ओबीसी मुलीचं शिक्षण शुल्क १ लाख आणि विकास शुल्क १० हजार आहे. माफी शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची, त्यामुळे १० हजार तिलाच भरायचे आहेत. ते तिनं भरले. उरलेले १ लाख सरकारकडून येणार. ते येईपर्यंत तिच्या खातेवहीत ‘बाकी : १,००,०००’ असंच दिसतं.

ते पैसे कधी येतात? त्याआधी अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचा असतो. तो कॉलेजच्या क्लार्ककडे, मग प्राचार्यांकडे, मग संबंधित विभागाकडे जातो. उत्पन्नाच्या दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळलं नाही तर तो दुरुस्तीसाठी परत येतो. परत आल्याचा मेसेज सुरुवातीला दिलेल्या, आता बंद पडलेल्या मोबाइल नंबरवर जातो. मंजुरीनंतर निधीची वाट पाहायची. तोवर परीक्षेचा अर्ज भरायची वेळ येते आणि सॉफ्टवेअर सांगतं, बाकी असल्यामुळे अर्ज भरता येणार नाही.

हा निर्णय कुणी माणूस घेत नाही. ‘बाकी शून्यापेक्षा जास्त असेल तर हॉल तिकीट अडवा’ अशी एक अट कधीतरी सॉफ्टवेअरमध्ये घातलेली असते. बाकी कुणाकडून येणं आहे हे त्या अटीला माहीत नसतं. ‘विद्यार्थ्याकडून येणे’ आणि ‘शासनाकडून येणे’ असे दोन वेगळे रकाने ठेवले तर ही अडवणूक थांबेल. काम काही दिवसांचं आहे. ते होत नाही याचं एक कारण तांत्रिक आळस असेलही, पण दुसरं कारण असं की सरकारकडून पैसे येतील याची खात्री कॉलेजांनाच वाटत नाही. प्रतिपूर्तीची रक्कम वेळेवर मिळत नाही ही संस्थाचालकांची तक्रार जुनी आहे आणि प्राध्यापकांचे पगार त्यातूनच व्हायचे असतात. म्हणून विद्यार्थ्याला तारण धरलं जातं. सरकारचं येणं सरकारकडे मागायचं सोडून ते अठरा वर्षांच्या मुलीच्या हॉल तिकिटाला बांधणं योग्य ठरत नाही.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांचा हिशेब आणखी गुंतागुंतीचा आहे. वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो. २०२१-२२ पासून केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतो. म्हणजे एकाच बिलाचे पैसे दोन सरकारांकडून, वेगवेगळ्या तारखांना येतात. विद्यार्थ्याच्या खात्यात जी रक्कम येते त्यात निर्वाह भत्ता किती आणि कॉलेजला द्यायची फी किती, हे बँकेच्या मेसेजवरून कळत नाही. घरात दवाखान्याचा किंवा पेरणीचा खर्च निघाला की ती रक्कम खर्च होते. काही महिन्यांनी कॉलेज फी मागतं तेव्हा कळतं की ते पैसे आपले नव्हते.

काही वेळा पैसे येतात पण सापडत नाहीत. या योजनांची रक्कम अर्जात लिहिलेल्या खात्यात जातेच असं नाही, ती आधार ज्या बँक खात्याशी शेवटचं जोडलेलं असतं तिथे जाते. मधल्या काळात एखाद्या पेमेंट बँकेत किंवा सिम कार्डासोबत खातं उघडलं असेल आणि तिथे आधार जोडलं गेलं असेल, तर शिष्यवृत्ती त्या विसरलेल्या खात्यात पडलेली असते. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ची स्थिती पाहिली की कोणती बँक जोडली आहे ते दिसतं. शिष्यवृत्ती ‘आली नाही’ म्हणणाऱ्यांनी पहिल्यांदा हे तपासायला हवं.

प्रवेशाच्या वेळी पूर्ण फी मागितली जाऊ नये म्हणून समाजकल्याण विभागानं ‘फ्रीशिप कार्ड’ आणलं आहे. पात्र विद्यार्थ्यानं ते दाखवलं की फी न भरता प्रवेश मिळावा, हा त्याचा हेतू. तरीही एखादं कॉलेज ‘आधी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ’ म्हणत असेल, तर किमान ते लेखी घ्यावं. पावतीवर रक्कम ‘शिष्यवृत्तीच्या अधीन’ अशी नोंदवून घेतली नाही, तर दोन वर्षांनी परतावा मागताना हातात काहीच नसतं.

प्रवेश रद्द केला तर?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेत याची टक्केवारी ठरलेली आहे. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी माघार घेतली तर पूर्ण फी परत मिळते, फक्त प्रक्रियेचा खर्च म्हणून ५ टक्के आणि तोही जास्तीत जास्त ५ हजार रुपये कापता येतो. शेवटच्या तारखेपर्यंतच्या पंधरा दिवसांत ९० टक्के, त्यानंतरच्या पंधरा दिवसांत ८० टक्के, पुढच्या पंधरा दिवसांत ५० टक्के आणि महिना उलटला की शून्य. २०२४-२५ साठी आयोगानं ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त १ हजार रुपये कापून परतावा द्यायला सांगितलं होतं. त्याच २०१८ च्या अधिसूचनेनुसार मूळ प्रमाणपत्रं कॉलेजला ताब्यात ठेवता येत नाहीत आणि चालू सत्र किंवा वर्षापलीकडची फी आगाऊ घेता येत नाही.

फी हप्त्यांत भरण्यासाठी कर्ज कंपनीची योजना घेतली असेल तर इथे मोठी मेख असते. ‘शून्य व्याजाचा हप्ता’ म्हणून जे दाखवलं जातं ते बहुतेकदा पालकांच्या नावावरचं कर्ज असतं. कंपनी वर्षाची फी कॉलेजला एकरकमी देते आणि पालक कंपनीला हप्ते देतात. प्रवेश रद्द झाला तरी हप्ते थांबत नाहीत, कारण कर्जाचा करार कॉलेजशी नसतो. परतावा कॉलेजकडून कंपनीकडे जाईपर्यंत हप्ता चुकला तर सिबिल स्कोअर पालकांचा घसरतो. सही करण्याआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागायचं, त्यात खरा वार्षिक दर लिहावाच लागतो.

‘भरलेली’ फी पुन्हा ‘बाकी’ होऊ शकते का?

होते, आणि अशा वेळी बहुधा फसवणूक झालेली असते. परदेशात शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना, त्यात मराठी मुलंही आली, ‘तुमची फी आम्ही भरतो, तुम्ही आम्हाला दहा टक्के कमी द्या’ असं सांगणारे भेटतात. फी खरोखर भरली जाते, विद्यापीठाच्या पोर्टलवर खातं शून्य दिसतं आणि विद्यार्थी त्या माणसाला पैसे देतो. काही आठवड्यांनी कळतं की फी चोरलेल्या कार्डावरून भरली होती. मूळ कार्डधारक तक्रार करतो, रक्कम मागे घेतली जाते आणि विद्यार्थ्याच्या नावावर पूर्ण फी पुन्हा उभी राहते.

इथली फसवणूक साधी असते. प्रवेशाच्या दिवसांत व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘फी भरण्याची नवी लिंक’ किंवा क्यूआर कोड येतो. व्यक्तीला पैसे पाठवताना बँकेत नोंदलेलं खरं नाव दाखवणं यूपीआय ॲपना जून २०२५ अखेरपासून बंधनकारक आहे. कॉलेजच्या क्यूआरवर एखाद्या व्यक्तीचं नाव दिसलं तर तिथेच थांबायचं. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करायचा, कारण पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. बँकेविरुद्धची तक्रार वेगळी. आधी बँकेकडे लेखी द्यायची आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जायचं, ते विनामूल्य आहे. कॉलेजविरुद्धची तक्रार मात्र लोकपाल घेत नाही. ती आधी कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाची फी जादा घेतली असेल तर शुल्क नियामक प्राधिकरणाकडे करावी लागते.

परीक्षेचे अर्ज सुरू व्हायच्या महिनाभर आधी हिशेब विभागाकडून खातेवहीचा उतारा मागून घेता येतो. त्यात प्रत्येक जमा रक्कम तारीख आणि क्रमांकासह लिहिलेली असते. बार्शीच्या त्या पालकांनी तो मागितला, तर १४ जुलैच्या रात्रीचे ४८,५०० रुपये एकदा जमा दिसतात, दोनदा दिसतात की मुळीच दिसत नाहीत, हे हॉल तिकीट अडण्याच्या आधीच कळेल.